विश्लेषण : मधमाशीच्या मेंदूत ‘समाज’ कसा घडतो?

मोहोळ : तालुक्याचे नाव मोहोळ आणि मधमाश्यांचे पोळे म्हणजेही मोहोळ. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या पिकाची फळधारणा वाढवणाऱ्या मधमाशीचा मेंदू आता सामाजिक वर्तनाच्या संशोधनाचा विषय झाला आहे.

मधमाशीच का?
माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात, मधमाशीच्या मेंदूत जेमतेम १० लाख. तरीही ती पिल्ले सांभाळते, पहारा देते आणि नाचून फुलांचा पत्ता सांगते. या नाचाचा अर्थ उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश १९७३ च्या नोबेलचे मानकरी ठरले.

आग्या मोहोळ एकदम का उठते?
धोका जाणवताच माशी इशाऱ्याचा गंध सोडते. इतर माश्यांच्या शृंगिका तो टिपतात, संदेश मेंदूत पोहोचतो आणि झुंड झेपावते. डंख बसलेल्या जागीही हा गंध राहतो. म्हणून काटा लगेच काढून दूर जावे.

नवे काय कळले?
अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात जीन रॉबिन्सन यांच्यासह कीटकशास्त्र, जनुकशास्त्र आणि संगणनाच्या अभ्यासकांनी एकत्र काम केले. परकी माशी समोर आली किंवा राणीची अळी दिसली, तरी काही माश्या कशालाच प्रतिसाद देत नव्हत्या. त्यांच्या मेंदूतील जनुकांच्या हालचालीचे माणसातील स्वमग्नतेशी संबंधित जनुकांशी साम्य २०१७ मध्ये आढळले. याचा अर्थ माशीला स्वमग्नता होते असा नाही. सामाजिक प्रतिसादामागची काही यंत्रणा फार जुनी असावी, एवढेच यातून सूचित होते.

शेतकऱ्याचा संबंध काय?
रसशोषक किडींसाठी वापरले जाणारे इमिडाक्लोप्रिड कीटकांच्या चेतासंस्थेवरच काम करते. मधमाशीच्या जवळच्या नात्यातील बंबलबीवर २०१८ मध्ये झालेल्या प्रयोगात हे औषध पोटात गेलेल्या माश्या मेल्या नाहीत. पण त्या मंदावल्या, पिल्लांची देखभाल कमी झाली, एकमेकींशी संपर्क घटला. युरोपीय संघाने त्याच वर्षी त्याच्या उघड्या शेतातील वापरावर बंदी घातली.

मग काय करावे?
माश्या परतल्यावर, म्हणजे संध्याकाळी फवारणी करणे बरे. मात्र आंतरप्रवाही औषध झाडात मुरते, परागकण आणि मकरंदातही उतरते. त्यामुळे फुलोऱ्याच्या काळात ते टाळणेच सुरक्षित. बागेत मेलेल्या माश्या दिसल्या नाहीत म्हणजे पोळे ठीक आहे, असे समजता येत नाही.