तीन गायक आणि एक वैमानिक

नभोवाणीची एक गंमत अशी, कीं तिच्यावर गाणारा गायक जिवंत आहे कीं नाहीं, हें नुसत्या आवाजावरून ओळखतां येत नाहीं. ध्वनिमुद्रिका फिरूं लागली, कीं बावीस वर्षांचा तरुण बावीस वर्षांचाच राहतो. बडी हॉली या अमेरिकन गायकाचें तसेंच झालें आहे. तो १९३६ सालीं जन्मला आणि १९५९ सालीं गेला. त्याच्या बरोबरीचे लोक आजोबा-पणजोबा झाले. तो मात्र तबकडीवर अजून तसाच, उचकी लागल्यासारखा मध्येंच स्वर तोडीत गातो आहे.

अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचें 'ऱ्हिदम अँड ब्लूज' आणि दक्षिणेकडील गोऱ्या खेडुतांचीं गाणीं यांच्या संकरांतून १९५०-६० या दशकांत जें संगीत निघालें, त्याला 'रॉक अँड रोल' हें नांव पडलें. घरोघरच्या वडीलधाऱ्यांना तो निव्वळ गोंगाट वाटला. कित्येकांना तो अजूनहि वाटतो, आणि त्यांच्याशीं वाद घालण्याचा माझा विचार नाहीं. सांगावयाचें आहे तें निराळें. या संगीताच्या पहिल्या पिढींतील बरेच गायक फार लवकर गेले. जॉनी एस १९५४ च्या नाताळच्या दिवशीं पिस्तुलाची गोळी लागून गेला. तो पंचवीस वर्षांचा होता. फ्रँकी लायमन तेराव्या वर्षीं घरोघर माहीत झाला आणि १९६८ मध्यें, पंचविशींतच, हेरॉइनला बळी पडला. अशा मृत्यूंना लोक 'दैव' म्हणून मोकळे होतात. परंतु ज्या एका रात्रीची आठवण सर्वांत अधिक काढली जाते, ती रात्र नीट तपासून पाहिली, तर तींत दैवापेक्षां माणसांच्या व्यवहाराचाच भाग मोठा दिसतो.

ती रात्र ३ फेब्रुवारी १९५९ ची. हॉली, रिची व्हॅलेन्स आणि 'बिग बॉपर' या नांवानें गाणारा जे. पी. रिचर्डसन हे तिघे इतर कलावंतांबरोबर दौऱ्यावर होते. २३ जानेवारीला मिल्वॉकी येथें दौरा सुरू झाला. चोवीस दिवसांत चोवीस गांवें, आणि तींहि एका वाटेवरचीं नव्हेत. आज या टोकाला, उद्यां त्या टोकाला. ऋतु भर हिवाळ्याचा आणि मुलूख अमेरिकेच्या उत्तर भागांतला, कडाक्याच्या थंडीचा. बस जुनी आणि तिच्यांतील उष्णतेचें यंत्र बिघडलेलें. विस्कॉन्सिनमध्यें ती रस्त्यांतच बंद पडली, तेव्हां हॉलीच्या ढोलवाल्याचे पाय हिमदंशानें इतके बधिरले, कीं त्याला इस्पितळांत ठेवावें लागलें. त्याची जागा साथीदारांनीं आळीपाळीनें भरून काढली. बस बंद पडल्यामुळें एक कार्यक्रम मात्र रद्द करावा लागला.

हॉली अशा दौऱ्यावर आलाच कां, असा प्रश्न पडतो. १९५७ मध्यें त्याचें 'दॅटल बी द डे' हें गाणें अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर पोंचलें होतें. परंतु १९५८ च्या अखेरीस तो आपल्या व्यवस्थापकापासून आणि जुन्या साथीदारांपासून वेगळा झाला होता, आणि कमाईचे पैसे त्या वादांत अडकून पडले होते. ऑगस्टमध्यें त्याचें लग्न झालें होतें व पत्नी गरोदर होती. त्याला पैशांची नड होती, एवढेंच उत्तर.

क्लिअर लेक या आयोवा संस्थानांतील गांवीं 'सर्फ बॉलरूम'मध्यें त्या रात्रीं कार्यक्रम झाला. पुढचा मुक्काम साडेतीनशे मैलांहून अधिक लांब, मूरहेड येथें. बसनें जाण्यापेक्षां एक लहान विमान भाड्यानें घ्यावें, आधीं पोंचून झोप काढावी आणि मळके कपडे धुवून घ्यावेत, असा हॉलीचा बेत. एका माणसाचें भाडें छत्तीस डॉलर. विमानांत वैमानिकाखेरीज तीनच जागा होत्या. हॉलीचा साथीदार वेलन जेनिंग्ज यानें आपली जागा तापानें बेजार झालेल्या रिचर्डसनला दिली. दुसरी जागा टॉमी ऑलसप याची होती. तिच्यासाठीं व्हॅलेन्सनें त्याच्याशीं नाणें उडविलें, आणि कौल व्हॅलेन्सच्या बाजूनें पडला. निघतांना जेनिंग्ज थट्टेनें कांहीं अभद्र बोलून गेला. पुढें तो स्वतः नामांकित गायक झाला. पण ते शब्द जन्मभर त्याच्या मनाला टोंचत राहिले.

व्हॅलेन्सला विमानाचें भय वाटे, आणि तें अकारण नव्हतें. १९५७ च्या जानेवारींत लॉस एंजेलिसजवळ त्याच्या शाळेवर दोन विमानांची टक्कर होऊन अवशेष कोसळले होते. आजोबांच्या अंत्यविधीसाठीं गेल्यामुळें तो त्या दिवशीं शाळेंत नव्हता. मरतेसमयीं त्याला पुरतें अठरावें वर्षहि संपावयाचें होतें. घराणें मेक्सिकन, परंतु स्पॅनिश त्याला जेमतेम येई. व्हेराक्रूझकडील 'ला बांबा' हें लोकगीत त्यानें शब्द घोकून म्हटलें, आणि स्पॅनिश न समजणाऱ्या पोरांनीं तें उचलून धरलें.

रिचर्डसन आम्हां नभोवाणीवाल्यांच्या जातीचा. टेक्ससमधील बोमाँट येथील केंद्रावर तो निवेदक होता, आणि १९५७ मध्यें त्यानें पांच दिवसांहून अधिक काळ अखंड प्रक्षेपण करण्याचा विक्रम केला होता. गायक म्हणून त्याचें नांव एका विनोदी गाण्यावर झालें. पण त्यानें लिहिलेलीं दोन गाणीं इतरांनीं गाइलीं, आणि तीं दोन्हीं त्याच्या मृत्यूनंतर अग्रस्थानीं गेलीं. त्याचा मुलगाहि त्याच्या मागेंच जन्मला.

मध्यरात्रीनंतर एक वाजण्याच्या सुमारास विमान उडालें आणि पांच-सहा मैलांवर एका शेतांत कोसळलें. तें सांपडलें सकाळीं.

वैमानिक रॉजर पीटरसन एकवीस वर्षांचा होता. त्याच्या लग्नालाहि अजून वर्ष झालें नव्हतें. चौकशी मंडळाचा अहवाल वाचण्यासारखा आहे. अंधारांत आणि हिमवृष्टींत क्षितिज दिसेनासें झालें, म्हणजे आपण वर चाललों आहों कीं खालीं, हें शरीराला कळत नाहीं. कानांतील समतोल राखणारें इंद्रियच फसवूं लागतें. अशा वेळीं वैमानिकानें केवळ यंत्रावर विश्वास ठेवावयाचा. तसें उड्डाण करण्याचा परवाना पीटरसनला नव्हता. त्यांतून त्या विमानांतील स्थितिदर्शक यंत्र चढ आणि उतार दाखवी, तो त्याच्या सवयीच्या यंत्राच्या नेमका उलट. त्यामुळें आपण चढतों आहों अशा समजुतीनें तो विमान जमिनीकडे नेत असावा, असें मंडळाचें अनुमान आहे. हवामान बिघडत असल्याच्या विशेष सूचनाहि त्याला कोणीं सांगितल्या नव्हत्या.

आणि मूरहेडचा कार्यक्रम? तो त्याच रात्रीं झाला. बॉबी व्ही नांवाचा पंधरा वर्षांचा स्थानिक मुलगा ऐनवेळीं उभा राहिला. पुढें तोहि प्रसिद्धीस आला. दौरा आणखी जवळजवळ दोन आठवडे चालला. करार झालेले होते आणि तिकिटें विकलीं गेलीं होतीं.

पुढच्याच वर्षीं, १९६० च्या एप्रिलमध्यें, एडी कॉक्रन इंग्लंडमध्यें दौरा आटोपून परततांना चिपनमजवळ मोटार-अपघातांत सांपडला आणि दुसऱ्या दिवशीं बाथच्या इस्पितळांत वारला. वय एकवीस. क्लिअर लेकच्या तिघांवरील शोकगीत त्यानें आदल्याच वर्षीं गाइलें होतें.

१९७१ मध्यें डॉन मॅक्लीन यानें आठ मिनिटांहून लांब असें एक गाणें रचलें, आणि तेव्हांपासून ३ फेब्रुवारी हा जणूं संगीताच्याच मृत्यूचा दिवस ठरला. बातमी आली तेव्हां मॅक्लीन घरोघर वर्तमानपत्रें टाकणारा तेरा वर्षांचा मुलगा होता. त्याचें दुःख खरें आहे. परंतु विधान म्हणून मला तें पटत नाहीं. स्वतःचीं गाणीं स्वतः रचावयाचीं आणि दोन गिटारी, एक मंद्र स्वराचें वाद्य व ढोल एवढ्या साथीवर गावयाचीं, हा हॉलीचा घाट लिव्हरपूलच्या पोरांनीं तो जिवंत असतांनाच उचलला होता. १९५८ मध्यें लेनन, मॅकार्टनी आणि हॅरिसन यांनीं पदरचे पैसे घालून जी पहिली तबकडी करून घेतली, तिच्या एका बाजूवर 'दॅटल बी द डे' हेंच गाणें आहे. हॉलीच्या साथीदारांच्या मेळ्याचें नांव 'क्रिकेट्स', म्हणजे रातकिडे. त्यावरूनच 'बीटल्स' या कीटकवाचक नांवाची कल्पना सुचली.

हॉलीनें अखेरच्या दिवसांत न्यूयॉर्कच्या घरीं, एकट्यानें गिटार घेऊन, कांहीं नवीं गाणीं ध्वनिफितीवर घेतलीं होतीं. त्याच्या मागें इतरांनीं त्यांवर वाद्यें आणि कोरस चढवून तीं विकलीं. मूळ साधीं ध्वनिमुद्रणेंहि आतां ऐकावयास मिळतात. निवड करावयाची झाली, तर मी तींच ऐकेन. पलीकडच्या खोलींत कोणी गुणगुणत आहे, असें वाटतें.

सर्फ बॉलरूम अजून उभें आहे. २०२१ मध्यें तें राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झालें. दर वर्षीं फेब्रुवारींत तेथें लोक जमतात. शेताच्या कुंपणाशीं १९८८ मध्यें पोलादी गिटार आणि तीन तबकड्या असें स्मारक बसविण्यांत आलें. त्या तीन तबकड्या तीन गायकांच्या. पीटरसनचें स्मारक तेथें उभें राहिलें २००९ सालीं, म्हणजे अपघाताला पन्नास वर्षें झाल्यावर.