गोणपाटावरचे टाके

माणूस गेला की मागे राहिलेल्यांच्या हातांना काही काम द्यावे, हे शहाणपण आपल्या विधींत मुरलेले आहे. अस्थी, दहावा, तेरावा यांची धावपळ शोक करणाऱ्याला रिकामे बसू देत नाही. पण माणूस गेला की आहे, हेच कळत नसेल तर? सुतक कोणत्या दिवसापासून धरावे? कुंकू ठेवावे की पुसावे?

दक्षिण अमेरिकेतील चिली देशात शेकडो घरांवर अशी वेळ आली. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने अध्यक्ष आयेंदे यांचे सरकार उलथून टाकले आणि जनरल पिनोचेत यांची राजवट सुरू झाली. घरांतून, कारखान्यांतून, भर रस्त्यातून माणसे उचलली गेली. त्यांपैकी हजाराहून अधिक जणांचा ठावठिकाणा पुढे लागलाच नाही. त्यांच्या आया, बायका, बहिणी तुरुंगांच्या आणि इस्पितळांच्या दारी खेटे घालीत राहिल्या. उत्तर ठरलेले : असा कोणी माणूस आमच्याकडे नाही.

राजधानी सान्तियागोत चर्चच्या आश्रयाने १९७४ पासून या बायका एकत्र बसून शिवू लागल्या. १९७६ मध्ये कार्डिनल राउल सिल्वा एन्रीकेझ यांनी पीडितांच्या साहाय्यासाठी एक कार्यालयच उघडले, तेव्हा या कामाला भक्कम आधार मिळाला. त्यांच्या कापडी चित्रांना ‘आर्पियेरा’ म्हणतात. शब्दाचा अर्थ अगदी साधा : गोणपाट! पोत्याचे जाडेभरडे कापड घ्यायचे आणि त्यावर चिंध्या टाचून चित्र उभे करायचे. मागे अँडीज पर्वताची रांग, बहुधा वर सूर्य, आणि खाली चिमुकल्या कापडी बाहुल्या. कुठे सामुदायिक स्वयंपाकघरापुढे उभी असलेली मुले, कुठे कुणाला धरून नेणारे शिपाई, कुठे ‘ते कोठे आहेत?’ असा फलक घेतलेल्या बायका. काही चित्रांच्या पाठीमागे लहानसा खिसा असे व त्यात हकिगत सांगणारी चिठ्ठी. कित्येकींनी नाहीशा झालेल्या मुलाच्या सदऱ्याचा किंवा नवऱ्याच्या विजारीचा तुकडाच चित्रात शिवला. आपल्या आज्यांनी गोधडीत जुनी लुगडी सांभाळली, त्याच जातीचे हे काम. फरक एवढाच की गोधडी पांघरायची असते, ही जगापुढे धरायची होती.

कलेने मन हलके होते, असे आम्ही साहित्याचे मास्तर वर्गात खुशाल सांगतो. या बायका मात्र पुष्कळशा पैशांसाठी आल्या होत्या. मिळवता माणूस गेला होता आणि चूल पेटायला हवी होती. चर्चचे कार्यालय ही चित्रे विकत घेई, ती परदेशी जात. मला यात काही उणे वाटत नाही. ज्या दुःखाचा उच्चारही शेजाऱ्यापाशी करणे धोक्याचे, ते दुःख घेऊन बाहेर पडायला शिवणाचे निमित्त मिळाले. तिथे कोणी कोणाला धीर धरा म्हणत नसे. म्हणायची गरजच नव्हती. आणि लेकाच्या सदऱ्याला कात्री लावायची म्हणजे शेजारी आणखी कोणाची तरी कात्री चालत असावी लागते.

शिवणापुरतेच हे थांबले नाही. ‘क्वेका’ हे चिलीचे जोडीचे नृत्य. स्त्री-पुरुष हातरुमाल फडकवीत एकमेकांभोवती फिरतात. ८ मार्च १९७८ रोजी, महिलादिनी, सान्तियागोच्या एका रंगगृहात बेपत्तांच्या घरच्या बायकांनी हे नृत्य जोडीदाराविना केले. रुमाल होता, पावले तीच होती, समोरची जागा तेवढी मोकळी. पुढच्याच वर्षी सरकारने क्वेकाला राष्ट्रीय नृत्य म्हणून जाहीर केले, हा दैवाचा विनोद म्हणावा की काय!

१९९० मध्ये लोकशाही परतली. सान्तियागोत २०१० साली उघडलेल्या स्मृतिसंग्रहालयात आता या आर्पियेरा जपून ठेवल्या आहेत. बेपत्ता माणसांचा शोध घेण्याची राष्ट्रीय योजना सरकारने जाहीर केली ती ऑगस्ट २०२३ मध्ये, पन्नास वर्षांनी. तोवर शिवणाऱ्या कित्येक आया हे जग सोडून गेल्या होत्या.