मोबाईलवर वारा ‘काम’ दाखवतोय? लगेच पंप पाठीला लावू नका

आमच्या बांधाला लागून भावकीतल्या एका पोराचा गहू असतो. मागच्या डिसेंबरात सकाळी साडेसहाला त्याचा फोन आला, “काका, मोबाईलमध्ये वारा शांत दाखवतोय, तणनाशक उरकून घेतो.” मी म्हणालो, घे. आठवडाभरात माझ्या कपाशीच्या शेंड्याची पानं भेंडीच्या पानागत निमुळती झाली. गव्हातलं टू-फोर-डी उडून आलं होतं. कपाशीला त्याचा वाससुद्धा सोसत नाही. शेवटची वेचणी गेली.

मोबाईलवर शब्द होता सी-ए-एल-एम. बरेच जण ‘कॅल्म’ वाचतात, पण त्यातला एल बोलायचा नाही. पामतेलातल्या ‘पाम’मध्येही एल लिहितात, बोलत नाहीत, तसंच हे. उच्चार आपल्या कामधंद्यातल्या ‘काम’सारखा.

अर्थ शांत, हे पोराचं बरोबरच होतं. पण आपला ‘शांत’ दहा ठिकाणी चालतो. वर्गात ‘शांत बसा’ म्हणजे आवाज बंद, त्याला इंग्रजीत ‘क्वाएट’. ‘काम’ म्हणजे खळबळ नाही. तळ्याचं पाणी हलत नाही, माणूस चिडत नाही. बडबड्या माणूसही काम असू शकतो. ‘ही इज काम’ म्हणजे त्याचं डोकं थाऱ्यावर आहे. (आमच्याकडे ‘ही इज पीस’ म्हणतात, ते चूक.) तापलेल्याला ‘काम डाउन’ म्हणतात, पण वडीलधाऱ्याला म्हणू नका, दटावल्यासारखं लागतं.

हवामानात मात्र हे माप आहे. ब्यूफोर्ट नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने 1805 साली वाऱ्याच्या पायऱ्या ठरवल्या. त्यातली शून्य नंबरची पायरी म्हणजे काम, वारा ताशी 1 किलोमीटरच्याही आत.

मग औषध उडालं कसं? थंडीत आभाळ मोकळं असलं की रात्री जमीन गार पडते. तिला टेकलेली हवा गार आणि जड होते, वरची हवा उबदार राहते. वरून झाकण बसल्यासारखं होतं. पहाटे चुलीचा धूर थोडा वर जाऊन गावावर आडवा पसरतो, ते हेच. औषधाचे बारीक थेंबही तसेच तरंगत राहतात, खाली बसत नाहीत. नंतर जरा झुळूक आली की ती नेईल तिकडे जातात.

म्हणून ऊन चढू द्या, दीड-दोन तास थांबा. पानं सळसळतील, तोंडाला वारा जाणवेल, म्हणजे ताशी 6 ते 11 किलोमीटर, तेव्हा मारा. वारा शेजाऱ्याच्या पिकाकडून आपल्याकडे येत असावा. त्याहून जोर धरला तर पंप खाली ठेवा.

यंदा त्याच पोराचा सकाळी फोन आला. “काका, मोबाईल काम म्हणतोय, पण धूर आडवाच आहे. नऊनंतर बघू.”