आकाशात गेलेल्या प्रोफेसरने समुद्राच्या तळाचा रस्ता कसा शोधला?

27 मे 1931. जर्मनीतल्या आउग्सबर्गहून एक भलामोठा फुगा उडाला. खाली टांगलेल्या ॲल्युमिनियमच्या हवाबंद गोळ्यात दोघे होते : भौतिकशास्त्रज्ञ ऑग्युस्त पिकार आणि त्यांचे सहायक पॉल किपफर. वर जातानाच गोळ्यातून हवा सुटायला लागली. पिकार यांनी व्हॅसलिन लावलेला बोळा कोंबून भोक बुजवलं. मग उतरण्यासाठीची दोरी अडकली. प्यायला भिंतीवर साचलेले थेंब. अखेर संध्याकाळी गारवा वाढला तसा फुगा खाली आला आणि ऑस्ट्रियातल्या एका हिमनदीवर टेकला. तोवर 15,781 मीटरचा विक्रम झाला होता.

पिकार मूळचे स्वित्झर्लंडच्या बाझेलचे, शिकवायला ब्रसेल्सला. टिनटिनमधले विसरभोळे प्रोफेसर कॅल्क्युलस त्यांच्यावरूनच सुचले. (उंची सोडून. पिकार चांगलेच उंच होते.)

आता मुद्द्याचं. तेव्हा खोल समुद्रात जायचं तर जहाजावरून केबलला पोलादी गोळा सोडायचे. 1934 मध्ये बीब आणि बार्टन असे 923 मीटर गेले. पण केबल तुटली की खेळ खलास.

पिकार म्हणाले, केबल हवीच कशाला? पाण्यातही फुगाच वापरू. पण खोलवरच्या दाबाने हवेचा फुगा चिरडून जातो. म्हणून त्यांनी टाकीत भरलं पेट्रोल. हो, क्रांती चौकातल्या पंपावर आपण गाडीत टाकतो ते. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं आणि दाबाखाली फारसं आक्रसत नाही. त्याखाली माणसांचा जाड पोलादी गोळा. बुडण्यासाठी लोखंडी छर्रे, तेही विद्युतचुंबकाने धरलेले. वीज गेली तर छर्रे आपोआप सुटणार आणि यान वर येणार. बिघाड झाला तरी माणूस वाचावा, अशी ही रचना. नाव दिलं बॅथिस्केफ.

1948 च्या पहिल्या यानाची टाकी लाटांनी खराब केली. 1953 मध्ये, 69 व्या वर्षी, पिकार मुलगा झाकला घेऊन 'त्रिएस्त' यानातून 3,150 मीटर खाली गेले. 23 जानेवारी 1960 ला झाक आणि अमेरिकी नौदलाचे डॉन वॉल्श त्याच यानातून मरियाना गर्तेच्या तळाशी, सुमारे 10,900 मीटरवर पोहोचले. कळसूबाईवर कळसूबाई अशा सहा रचल्या तरी त्यात बुडतील! वाटेत बाहेरच्या खिडकीला तडा गेला, तरी दोघे सुखरूप परतले. ऑग्युस्त 1962 मध्ये वारले.

भारताच्या 'समुद्रयान' मोहिमेसाठी चेन्नईची एनआयओटी 'मत्स्य 6000' बनवतेय. त्यात पेट्रोल नाही. तिघांना बसायला गोळा मात्र आहे, टायटॅनियमचा, 2.1 मीटर व्यासाचा.