घरच्यासाठीं पहिला तेलघाणा कसा निवडावा

भुईमूग पिकविणारा शेतकरी बाजारांत शेंगा विकतो आणि त्याच बाजारांतून तेलाचा डबा विकत घेऊन घरीं येतो, हा प्रकार आपल्याकडे इतका अंगवळणीं पडला आहे कीं, त्यांत कांहीं विपरीत आहे असें कोणासहि वाटत नाहीं. पूर्वी गांवोगांवीं तेल्याचा बैलघाणा असे. शेतकऱ्यानें आपला तीळ, करडई, जवस अथवा भुईमूग घेऊन जावें व तेल आणि पेंड दोन्ही घरीं आणावीं, असा क्रम होता. गिरण्या आल्या, घाणे बसले आणि तेलाबरोबर पेंडहि घरांतून गेली. अलीकडे विजेवर चालणारे लांकडी घाणे व लहान तेलयंत्रें मिळूं लागल्यामुळें, आपणहि एखादें यंत्र घ्यावें असें अनेक बागाइतदार व जिराइतदार बंधूंच्या मनांत येत आहे. अशांस उपयोगी पडेल असा विचार येथें मांडीत आहों.

प्रथम आमचीच चूक सांगतों. आम्हीं पहिलें यंत्र एका प्रदर्शनांत पाहून घेतलें. विक्रेत्यानें आमच्या डोळ्यांदेखत थोड्याशा शेंगदाण्यांचें तेल काढून दाखविलें. धार सुरेख होती व यंत्र टेबलावर मावेल एवढें होतें. घरीं आणून त्यांत आमची करडई घातली, तेव्हां जाड टरफलामुळें यंत्राची नळी चोंदली आणि मोटर तापून बंद पडली. दुरुस्तीस कोणी आलें नाहीं व दोन हंगाम तें यंत्र माळ्यावर पडून राहिलें. सगळा दोष यंत्राचा नव्हता. शेंगदाण्यासाठीं बनविलेल्या यंत्रास आम्हीं करडई चारली, हा आमचा अविचार होता. आपलें बी आपण घेऊन जावें, निदान तासभर तें यंत्रांत घालून पाहावें आणि मगच पैसा द्यावा, हा धडा आम्हांस महाग पडला. वाचकांस तो फुकट मिळावा.

गरजेचा हिशेब

यंत्र पाहण्याआधीं घरचा खप पाहावा. समजा, एका घरीं महिन्यास ४ किलो तेल लागतें. वर्षाचें ४८ किलो झालें. शेंगदाण्यापासून शेंकडा ४० तेल हातीं येतें असें धरल्यास १२० किलो दाणे लागतील. आणि शेंगेंत दाण्याचा उतारा शेंकडा ७० धरला, तर सुमारे १७० किलो शेंगा. म्हणजे महिन्याकांठीं दाणे अवघे १० किलो. तासास ४ किलो दाणे घेणाऱ्या लहान यंत्रास हें अडीच तासांचें काम आहे; आणि एका घाणीस १० ते १२ किलो माल घेणारा मोठा लांकडी घाणा तें एका घाणींतच उरकून टाकील व उरलेला महिना रिकामा उभा राहील. म्हणून एकट्या घरानें मोठा घाणा घेणें म्हणजे दोन शेळ्यांसाठीं गोठा बांधण्यासारखें आहे. पांच-दहा घरें एकत्र येत असतील, तरच मोठ्या घाण्याचा विचार करावा.

यंत्रांचे प्रकार

पहिला प्रकार लांकडी घाण्याचा. उखळांत लाट सावकाश फिरते, बी चिरडतें आणि तेल सुटतें. गति मंद असल्यानें तेल फारसें तापत नाहीं व त्याचा मूळ वास टिकतो. १९३४ सालीं वर्धा येथें महात्मा गांधींच्या प्रेरणेनें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हां तेथील मगनवाडींत याच जुन्या घाण्यांत सुधारणा करण्याचें मोठें काम झालें. आजचे विजेचे घाणे त्याच जातीचे आहेत.

दुसरा प्रकार मळसूत्री यंत्राचा. यासच एक्स्पेलर म्हणतात. पोलादी नळींत मळसूत्र फिरतें, बी पुढें रेटलें जातें, जागा अरुंद होत जाते आणि दाबानें तेल निघतें. अशा अखंड चालणाऱ्या यंत्राचें पेटंट अमेरिकेंत अँडरसन यांनीं १९०० सालीं घेतलें. घरगुती लहान यंत्रें बहुधा याच तत्त्वावर चालतात. घर्षणामुळें यांत उष्णता बरीच उत्पन्न होते, आणि पुष्कळ लहान यंत्रांत नळी आधीं विजेनें तापवावी लागते. म्हणून “थंड तेल” हे शब्द ऐकून भुलूं नये, निघणाऱ्या तेलांत उष्णतामापक धरून पाहावा.

तिसरा प्रकार जलदाबाचा. त्याचें मूळ ब्रामा यांनीं १७९५ सालीं इंग्लंडांत पेटंट घेतलेल्या यंत्रांत आहे. यांत दाब उत्तम मिळतो. परंतु कुटलेलें बी भरणें व चोथा काढणें हें दर खेपेस करावें लागतें. रोजच्या संसारास तें सोयीचें नाहीं.

उताऱ्याचा मोह

विक्रेते उताऱ्याचे आंकडे पुढें करतात. शेंगदाणा व तीळ यांत तेल शेंकडा ४५ ते ५०, जवसांत ३५ ते ४०, करडईंत ३० च्या आसपास असतें. घाण्याच्या पेंडींत शेंकडा १० ते १२ तेल राहतें, चांगल्या मोठ्या एक्स्पेलरच्या पेंडींत ६ ते ८. शंभर किलो दाण्यामागें हा फरक दोन-तीन किलो तेलाचा पडतो. गिरणीस तो मोठा. पण ज्याच्या दावणीस जनावर आहे, त्याचें तें तेल वायां जात नाहीं, गाईम्हशींच्या पोटांत जातें. सबब उताऱ्याच्या दोन टक्क्यांसाठीं जास्त पैसा मोजूं नये.

घेतांना पाहण्याच्या गोष्टी

१. वीज. घरीं सिंगल फेज असते. शेतीपंपाची थ्री फेज वीज पाळीनें येते. मोटर कोणत्या विजेवर चालते, हें आधीं विचारावें.
२. बियाशीं लागणारे भाग कशाचे आहेत. स्टेनलेस पोलाद उत्तम. तांब्या-पितळेचा स्पर्श तेलास नको. त्यानें तें लवकर खवट होतें.
३. मळसूत्र, नळी व लाट झिजतात. हे भाग तालुक्याच्या गांवीं मिळतात काय, ही चौकशी किमतीच्या चौकशीइतकीच महत्त्वाची.
४. धुणें-पुसणें. घरच्या बायांस तें यंत्र पाना-पक्कड न घेतां उघडतां आलें पाहिजे. आंत राहिलेली पेंड कुजते व पुढचें तेल नासवते.

माल आणि विष

यंत्र कितीहि चांगलें असलें तरी खराब दाण्याचें तेल चांगलें होत नाहीं. बुरशी आलेल्या शेंगदाण्यांत अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष उत्पन्न होतें व तें यकृतास घातक आहे. त्याचा मोठा भाग पेंडींत राहतो, पेंडींतून जनावरांत व दुधांत उतरतो. न शुद्ध केलेल्या तेलांतहि थोडा येतो. गिरणींत विकला न गेलेला माल “घरच्या तेलाला चालेल” असें म्हणणें म्हणजे आपल्याच मुलांच्या ताटांत विष वाढणें होय. शेंग हलवितांच दाणा खुळखुळावा, दाणा कट्कन तुटावा, इतकी वाळवण हवी. काळे, सुरकुतलेले, बुरसटलेले दाणे निवडून टाकावे, जनावरांसहि घालूं नयेत. तसेंच खाण्याच्या यंत्रांत एरंडी कधींहि घालूं नये; तिच्या पेंडींतील रायसिन जनावरें मारतें.

काढलेलें तेल दोन-तीन दिवस निवळूं द्यावें, फडक्यांतून गाळावें व तोंडापर्यंत भरलेल्या भांड्यांत अंधारांत ठेवावें. करडई व जवस यांचें तेल लवकर खवट होतें. तें महिन्यापुरतेंच काढावें. विक्री करावयाची झाल्यास २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणें नोंदणी लागते, हें विसरूं नये.

आमची शिफारस

ज्याच्या गांवाजवळ भाड्यानें तेल काढून देणारा घाणा आहे, त्यानें एक वर्षभर आपला माल तेथेंच न्यावा. तेल किती निघालें, पेंड किती आली, घरांत तें तेल रुचलें कीं नाहीं, याची वहींत नोंद ठेवावी. वर्ष सरल्यावर वही स्वतःच सांगेल कीं, लहान यंत्र घ्यावें, शेजाऱ्यांसह घाणा उभारावा, कीं आहे तेंच बरें. यंत्र बाजारांत पुढच्या वर्षींहि मिळेल. माळ्यावर गेलेला पैसा मात्र परत येत नाहीं.