अंथरुणातून उठण्याचे बळ

‘हार्ट फेल्युअर’ हे शब्द कानी पडताच रुग्णाच्या कुटुंबीयांच्या काळजात धस्स होते. वास्तविक या विकारात हृदय बंद पडलेले नसते. शरीराच्या गरजेइतके रक्त पुरविण्याची त्याची क्षमता उणावलेली असते. परिणामी पायांवर सूज येते, फुफ्फुसांत पाणी साठते, आडवे होताच धाप लागते. रुग्णालयात औषधांनी पाणी उतरते आणि श्वास मोकळा होतो. तरीही घरी परतलेल्या वृद्ध रुग्णाला खुर्चीतून उठतानादेखील आधार लागतो, असे पुष्कळदा दिसते.

याचे एक कारण सक्तीच्या विश्रांतीत दडलेले आहे. १९६६ साली अमेरिकेतील डल्लस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवण्यात आले. तीस वर्षांनी त्यांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा वाढत्या वयापेक्षा त्या तीन आठवड्यांनीच त्यांची शारीरिक क्षमता अधिक घटविली होती, असे आढळले. तरुणांची ही अवस्था, तर आधीच दुर्बळ असलेल्या वृद्धांची काय कथा!

म्हणूनच प्रकृती स्थिर होताच रुग्णालयातच व्यायामास आरंभ करण्याचा विचार पुढे आला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रिहॅब-एचएफ’ या अमेरिकी अभ्यासात साठ व त्याहून अधिक वयाचे ३४९ रुग्ण होते. त्यांपैकी एका गटाला ताकद, तोल, हालचाल आणि दमसास या चार अंगांचे व्यायाम प्रत्येकाच्या कुवतीनुसार देण्यात आले. घरी परतल्यावर आठवड्यातून तीन दिवस याप्रमाणे बारा आठवडे ते चालू राहिले. तीन महिन्यांनंतर शारीरिक क्षमतेच्या १२ गुणांच्या चाचणीत या गटाला सरासरी ८.३, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांना ६.९ गुण मिळाले. मात्र सहा महिन्यांत पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही, हेही नमूद केले पाहिजे. लाभ झाला तो स्वावलंबनाचा.

हा व्यायाम म्हणजे कसरत नव्हे. खाटेच्या कडेला बसणे, आधाराने उभे राहणे, तोल सावरणे, चार पावले टाकणे, अशी ही चढती पायरी असते. ती डॉक्टरांच्या संमतीने व फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच चढावी. छातीत दुखू लागल्यास, चक्कर आल्यास किंवा धाप वाढल्यास तत्काळ थांबावे.

रुग्णाला घरी नेण्यापूर्वी कुटुंबीयांनी औषधांच्या यादीबरोबरच ‘व्यायाम कोणता आणि किती?’ हा प्रश्नही डॉक्टरांना अवश्य विचारावा. मायेपोटी पाण्याचा पेलाही हातात आणून देण्यापेक्षा, तो घेण्यासाठी उठू पाहणाऱ्या रुग्णाच्या शेजारी उभे राहणे, हीदेखील शुश्रूषाच होय.