शोभेचा साप पाळायचाय? आधी कायदा, मग काच, मग साप

दिवसभर दिसणारे साप मोजकेच. शिवारातला साप पेटीत ठेवणं मात्र थेट गुन्हा

बसवकल्याण : हिरव्यागार अंगाचा साप फांदीवर वेटोळं घालून बसलाय, काचेच्या पेटीत मंद दिवा लागलाय. मोबाईलवर असे व्हिडिओ रोज दिसतात. पाहणाऱ्याला वाटतं, आपल्याही बैठकीत असा एक असावा. हौसेला मोल नाही हे खरं. पण सापाच्या हौसेला मोल असतं, आणि चुकलं तर जेलही असते. म्हणून पैसे मोजण्याआधी चार गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

शिवारातला साप नकोच

पहिली गोष्ट सरळ आहे. नाग, अजगर, धामण, घोणस, मांडूळ, हरणटोळ हे आपल्याकडचे साप वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार संरक्षित आहेत. त्यांना पकडणं, घरात ठेवणं, विकणं, विकत घेणं हे सगळं गुन्ह्यात मोडतं. नाग आणि अजगर पहिल्या अनुसूचीत येतात. तिथे किमान तीन आणि कमाल सात वर्षांची शिक्षा आहे, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड.

‘कर्नाटकात पकडला, महाराष्ट्रात नेला, आता कोण विचारतंय’ असा हिशेब कुणी करत असेल तर तो चुकीचा आहे. हा केंद्राचा कायदा आहे. उमरगा असो, बसवकल्याण असो की जहिराबाद, कलम तेच लागतं.

मांडुळाबद्दल तर वेगळं सांगायलाच हवं. शेपूट बोथट असल्याने त्याला दुतोंड्या म्हणतात. कानडीत ‘एरडु तले हावु’. गुप्तधन, औषध, वजनावर लाखोंचा भाव अशा थापांवर त्याची तस्करी चालते. यातलं काहीही खरं नाही. हा बिनविषारी साप मातीत दडून राहतो आणि उंदीर खातो. शोभेसाठी म्हणाल तर पेटीत फक्त मातीच दिसेल.

शिराळ्याचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नागांची पूजा आणि मिरवणूक व्हायची. पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा होती, तरी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती थांबली. जिथे श्रद्धेला सूट मिळाली नाही, तिथे हौसेला कुठून मिळणार?

कोण दिसतो, कोण दडतो

राहिले परदेशी साप. इथे बहुतेकांची फसगत होते ती एकाच मुद्द्यावर. साप सुंदर असला म्हणजे तो दिसतोच असं नाही.

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर. रंगांचे असंख्य प्रकार मिळतात, स्वभाव शांत. पण तो निशाचर आहे आणि दिवस बिळात काढतो. पाहुणे आले की पेटी रिकामीच दिसायची. अमेरिकेतला कॉर्न स्नेक केशरी-लाल, हाताळायला सोपा, पण तोही बराच वेळ आडोशालाच असतो. संध्याकाळी फिरताना दिसतो.

खरोखर दिवसभर समोर राहतात ते झाडावर राहणारे साप. न्यू गिनी आणि उत्तर ऑस्ट्रेलियातला ग्रीन ट्री पायथन, दक्षिण अमेरिकेतला एमराल्ड ट्री बोआ. दोघेही फांदीवर वेटोळं टाकून तासन्‌तास भक्ष्याची वाट पाहतात. ग्रीन ट्री पायथनची पिल्लं पिवळी किंवा तांबडी असतात, मोठी होता होता हिरवी होतात. शोभेला याहून चांगला साप नाही, आणि नवख्यासाठी याहून अवघडही क्वचितच. दोघांचेही दात लांब असतात आणि हाताळलेलं त्यांना खपत नाही. हे फक्त पाहायचे साप.

दडणारा साप दिसावा म्हणून काहीजण पेटीतला आडोसाच काढून टाकतात. असं केलं की साप घाबरून राहतो आणि खाणं सोडतो. उलट आडोसे जास्त ठेवले, फांद्या आणि पानं दिली, खोलीत वर्दळ कमी ठेवली, की तो आपणहून बाहेर येतो.

घराचा हिशेब

ग्रीन ट्री पायथनला दिवसा साधारण २८ ते ३१ अंश तापमान आणि दमट हवा लागते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, हवा कोरडी ठणठणीत. त्यात वीज गेली तर? मग इन्व्हर्टर, थर्मोस्टॅट, पाण्याचा फवारा हे सगळं आलंच.

खाण्याला उंदीर लागतात, दूध नाही. साप दूध पीत नाही. घरात उंदीर साठवायला घरच्यांची तयारी आहे का, हे आधी विचारून घ्यावं. बॉल पायथन नीट सांभाळला तर २०-३० वर्षं जगतो. म्हणजे बारावीच्या पोराने आज आणलेला साप त्याच्या पोरांच्या वेळीही घरात असेल.

विषारी परदेशी सापाचा तर विचारही नको. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं. परदेशी साप चावला तर त्याचा भरवसा नाही.

कागद दाखवा, मगच पैसे

अजगर आणि बोआ कुळातले सगळे साप ‘सायटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे परदेशी प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. २०२४ च्या नियमांनुसार ते बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करणं बंधनकारक आहे. विकणाऱ्याकडे नोंदणी नसेल तर तो माल चोरीचाच समजावा.

ही शंका उगाच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात, बिस्किट-केकच्या पुड्यांत लपवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले होते. इंडोनेशियाबद्दल २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ‘पैदाशीचे’ म्हणून निर्यात होणाऱ्या ग्रीन ट्री पायथनपैकी किमान ८० टक्के जंगलातून पकडलेले असल्याचं दिसलं. ‘फार्मचा आहे’ या तोंडी शब्दावर म्हणूनच विसंबू नये.

इतकं सगळं जमत असेल तर नोंदणीकृत, पैदाशीचा कॉर्न स्नेक किंवा बॉल पायथन हीच पहिली पायरी. ग्रीन ट्री पायथन काही वर्षांच्या अनुभवानंतर. आणि नुसतं पाहायचंच असेल तर पुण्याचं कात्रज सर्पोद्यान आणि हैदराबादचं नेहरू प्राणी संग्रहालय आहे. सस्तापूर बंगल्यावरून दोन्हीकडे एकच रस्ता जातो.

घरात किंवा रानात साप निघाला तर काठी किंवा बरणी, दोन्ही शोधू नका. महाराष्ट्रात वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. कर्नाटकात ११२ वर किंवा जवळच्या वन कार्यालयात कळवा.